पुष्य नक्षत्राची रांग

पुष्य नक्षत्र आले की छत्रपती संभाजीनगरातील अनेक चिकित्सालयांपुढे सुवर्णप्राशनासाठी माता-पित्यांची रांग लागते. दर २७ दिवसांनी इतकी कुटुंबे आपणहून वैद्याच्या दारी येतात, ही संधी लहान नव्हे. परंतु बालकाच्या जिभेवर थेंब पडतो आणि लगेच पुढचे नाव पुकारले जाते. या अर्ध्या मिनिटास कौमारभृत्य म्हणावे काय?

काश्यपसंहितेतील लेहाध्यायाचा आधार आपण फलकांवर आवर्जून छापतो. त्याच संहितेतील वेदनाध्यायात, बोलू न शकणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हे सांगितले आहे. त्या चेष्टा आपल्यासमोर क्वचितच घडतात; रात्री आईला आणि आजीला त्या दिसतात. सुश्रुताचार्यांनीही स्तनपायी बालकाच्या औषधयोजनेत धात्रीचा विचार केला आहे. चतुष्पादांतील उपस्थाता येथे घरचाच असतो. त्याच्याशी बोलण्यास आपल्याला सवड नसेल, तर निदान तरी कशाच्या बळावर करावयाचे?

प्रत्यक्षात आजी सहाणेवर बाळगुटी उगाळते आणि वैद्य रागावतील म्हणून सून ते लपवते. एखादी माता विचारते, "वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, मग यात मध कसा?" तिला शास्त्रावर श्रद्धा ठेवण्याचा उपदेश मिळतो. वस्तुतः तिचा प्रश्न रास्त आहे. मधामुळे तान्ह्या बालकास क्वचित बोट्युलिझम होऊ शकतो, म्हणून ही सूचना दिली जाते. माझे स्पष्ट मत असे की, वर्षाखालील बालकास मधयुक्त कल्प देऊच नये, आणि त्याचे कारण मातेस समजावून सांगावे. जिचा प्रश्न झिडकारला, ती पुढच्या खेपेस बाळाचे जुलाबही सांगणार नाही.

औषधालयचालक बंधूंचाही येथे वाटा आहे. "मागच्या वेळचीच बाटली द्या" असे म्हणणाऱ्या पित्यास बालकाचे वय, वजन आणि चालू असलेली अन्य औषधे विचारावीत. गिऱ्हाईक खोळंबते हे खरे, पण वैद्याकडे न सांगितलेली गोष्ट पुष्कळदा तेथेच कळते.

रांगेतील प्रत्येक बालकाची वजननोंद ठेवणे अवघड नाही. दोन वर्षांचे मूल बोलत नसल्यास मेध्य औषधांवर महिने घालवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तेथे किंवा घाटी रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवावे, आणि पुढच्या पुष्य नक्षत्रास त्या पालकांकडे त्याबद्दल आठवणीने चौकशी करावी.