गाडी गचके देते, म्हणून गिअरबॉक्स गेला असे नाही



माजलगाव तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. पत्र शेतीचे नाही, पण शेतीच्या पैशाचे आहे, म्हणून या खेपेला तेच घेतो. त्यांच्या वडिलांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. क्लच दाबवत नाही, आणि मोंढ्याला, दवाखान्याला जाणे तर सुटत नाही. म्हणून त्यांनी पुण्याहून २०१७ सालची जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. दोन महिने बरी चालली. आता पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मान झुकेल एवढा गचका बसतो, आणि दांडी 'डी'वर टाकली की खालून धाडकन आवाज येतो. एका गॅरेजवाल्याने "गिअरबॉक्स गेला, दुसरा टाका" असे सांगून जो आकडा काढला, तो यंदाच्या उसाच्या बिलाच्या जवळ जातो. गाडी विकू की दुरुस्त करू, असा त्यांचा सवाल आहे.

माझे सांगणे असे की, इतक्यात दोन्ही करू नका. बैल लंगडला म्हणून आपण त्याला लगेच बाजार दाखवत नाही. आधी खूर उचलून काटा बघतो. गाडीचेही तसेच.

पहिल्याप्रथम आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे, ते ओळखा. सगळ्या ऑटोमॅटिक एक नव्हेत. आपल्या भागात येणाऱ्या जुन्या छोट्या गाड्यांत बहुधा एएमटी असते. आपल्याकडे छोट्या गाडीत हा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आणला आणि मग बऱ्याच कंपन्यांनी उचलला. यात गिअरबॉक्स आपला नेहमीचाच असतो, क्लचप्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम पायाहाताऐवजी एक यंत्र करते. ते काही गाड्यांत तेलाच्या दाबावर चालते, काहींत विजेच्या मोटारीवर. दांडीवर 'आर', 'एन', 'डी' आणि 'एम' एवढेच असून 'पी' नसेल, तर ती बहुधा एएमटी समजावी.

'पी' असेल तर प्रकार वेगळा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तद्वत. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांवरचा पोलादी पट्टा असतो, आणि पुल्या लहानमोठ्या होतात. दोन क्लचची डीसीटी म्हणून आणखी एक जात आहे, पण ती आपल्या गल्लीत अजून कमी दिसते.

हे एवढे सांगायचे कारण असे की, एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, आणि थोडा हेलकावा हा तिचा स्वभावच आहे. नवी गाडीसुद्धा हा हेलकावा देते. गिअर पडायच्या बेताला ऍक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की तो निम्मा होतो. हे ज्याच्या पायाला जमले, त्याची अर्धी तक्रार मिटली. सीव्हीटीने मात्र गचका दिला तर तो स्वभाव नव्हे, दुखणे आहे. तिथे दिरंगाई नको.

आता काटा कुठे असतो ते पाहू. मी शेतीचा माणूस, मिस्त्री नव्हे, पण ऑफिसची जीप आणि गावोगावचे ट्रॅक्टर पाहण्यात माझी उमर गेली. गेल्या रविवारी आमच्या ओळखीचे एक जाणते मिस्त्री घेऊन मी ही गाडी पाहून आलो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती आणि बॅटरीही थकलेली होती. एएमटीचे सगळे यंत्र विजेवर हुकमत चालवते. बॅटरी मंदावली की गिअर अडखळतात. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून दांडी 'एन'वरून 'डी'वर टाकली, तर इंजिन चांगलेच उचलले जात होते. इंजिनाचे एक फाउंडेशन रबर फाटले होते. तो धाडकन आवाज त्याचाच. बॅटरी बदलली, रबर बदलले, आवाज गेला.

पण सगळे गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. चढावर इंजिन ओरडते आणि गाडी त्या मानाने पळत नाही, वर जळका वास येतो. क्लचप्लेट संपत आली आहे. ती बदलावी लागेल. हा खर्च खराच, पण गिअरबॉक्सच्या खर्चापुढे थोडा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. एएमटीची क्लचप्लेट बदलल्यावर ती कुठे धरते, हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून पुन्हा शिकवावे लागते. नुसती प्लेट टाकून गाडी हाती दिली, तर पहिल्यापेक्षा जास्त गचके बसतात, आणि मग दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. काम देण्याआधीच मिस्त्रींना विचारा, "शिकवायचा स्कॅनर आहे का?" नसेल तर दुसरीकडे जा, भीड धरू नका.

प्लग, हवेचा फिल्टर, थ्रॉटल यांत मळ असला तरी इंजिन अडखळते आणि तो गचका गिअरचा वाटतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेल बघा. बहुतेक गाड्यांत नवे तेल लालसर असते. काळे पडून जळका वास येत असेल तर आत घासणी चालू आहे. आणि गुलाबी ताकासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते आपण भोगले आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून बाजारात येते, तेव्हा गाद्यांखालचा चिखल आणि हे तेल दोन्ही पाहावे. तेल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच घालावे. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिक तेल चालत नाही.

ज्यांना जुनी ऑटोमॅटिक घ्यायचीच आहे, त्यांनी विकणाऱ्याला आधीच सांगावे की गाडी गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून खात्री करावी. थंड गाडी ब्रेकवर धरून 'एन'वरून 'डी', 'एन'वरून 'आर' टाकून बघा, पकड चटकन यायला हवी. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, त्यात चढ हवाच. बीडकडच्यांना मांजरसुंब्याचा घाट जवळ आहे. गाडी गरम झाल्यावर चढावर उभी करून उलटीही घ्या. स्कॅनर शेवटी लावा. बॅटरीची वायर सोडून डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा घालवणारे महाभाग असतात. गाडी चालली की तो दिवा बऱ्याचदा परत पेटतो. विकणारा एवढे करू देत नसेल तर चहा पिऊन घरी यावे.

एएमटीची क्लचप्लेट आपल्या भागात लवकर का जाते, हेही सांगतो. हंगामात धारूरच्या घाटात उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे आपली गाडी लागते. ट्रॅक्टर इंच इंच सरकतो आणि आपण ऍक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरतो. त्यात प्लेट भाजून निघते. तसे न करता ब्रेक दाबून पूर्ण थांबावे, पुढे मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग एका दमात सरकावे. दांडी 'एम'वर घेऊन पहिला गिअर धरून ठेवला तर उत्तम. उतारावरही 'एम'मध्ये खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, हे घरच्या पोरांना सांगून ठेवा. बंद पडली तर ट्रॅक्टरला साखळी बांधून फरफटत आणू नये. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाडीत तर त्याने चांगला गिअरबॉक्सही जातो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची दोन्ही चाके उचलूनच न्यावी.

माजलगावच्या बंधूंना उत्तर असे : गाडी विकू नका, गिअरबॉक्स उघडू देऊ नका. उसाचे बिल आले की क्लचप्लेट टाकून घ्या. तोवर वडिलांना सपाटीच्या रस्त्याने मोंढ्याला जाऊ द्या, घाटात नको.