सगळ्या घरांना एकच किल्ली?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ब्लॉगवाल्यांना विषय लगेच कळेल. काका-मावशी मंडळींनी पळू नये, तुमच्याही कामाचं आहे :)

आपल्या अमळनेरचं कम्प्युटरशी नातं तसं जुनंच. १९४५ साली इथे वनस्पती तुपापासून सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची विप्रो! अशा गावातल्या शाळा, पतपेढी, दुकान यांच्या वेबसाइट एकाच भाड्याच्या सर्व्हरवर नांदल्या तर त्यात वावगं काही नाही. छोट्या संस्थेला स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही. वावगं आहे ते सर्टिफिकेटांचं.

सर्टिफिकेट म्हणजे ब्राउझरला मिळालेली ग्वाही, की तुम्ही टाइप केलेल्या नावाचाच सर्व्हर समोर आहे. पूर्वी अडचण खरी होती. कुठली साइट हवी हे कळण्याआधीच सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागे. म्हणून एक तर प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता घ्या, नाहीतर सगळ्यांची नावं एकाच सर्टिफिकेटात कोंबा. २००३ मध्ये एसएनआय आलं. ब्राउझर आधी नाव सांगतो, मग सर्व्हर त्याच नावाचं सर्टिफिकेट देतो. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला ते जमत नसे, म्हणून बरीच वर्षं लोक बिचकत राहिले. आता ती सबब संपली.

तरीही "सगळ्यांना मिळून एकच घ्या, कटकट नको" हा सल्ला ऐकू येतोच. का घ्यावं? यादीतल्या एका दुकानदाराने डोमेन दुसरीकडे हलवलं, की नूतनीकरणात त्याच्या नावाची तपासणी फसते आणि शाळेचंही अडतं. खाजगी किल्ली एकच, ती फुटली की सगळी घरं उघडी. शिवाय तुमच्या शेजारी कोणकोण आहे ती यादी कुणालाही वाचता येते.

"वेगवेगळी सांभाळणार कोण?" अहो, मशीन! लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना फुकट सर्टिफिकेटं देते आहे, आणि नूतनीकरण सर्व्हर स्वतःच करू शकतो. हाताने करण्याचे दिवस तसेही भरले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंचाने कमाल मुदत ठरवली: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून फक्त ४७. वर्षातून एकदा येऊन बिल फाडणाऱ्याने आता काय करायचं ते ठरवावं. आणि मुदत संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहे, तेव्हा बाहेरून लक्ष ठेवणारी सोय आपली आपणच लावायला हवी.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. मुदत संपते, स्क्रीनभर इशारा येतो, माणूस घाबरून फोन करतो आणि उत्तर मिळतं, "काही नाही हो, ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा." म्हणजे निवृत्त गुरुजींना आपण शिकवतो काय, तर इशारा दिसला की दुर्लक्ष करायचं! जुलै २०१४ मध्ये आपल्या सरकारी एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. तेव्हाही लगाम घातला तो ब्राउझरवाल्यांनीच. हा शेवटचा पहारेकरी. तो ओरडला की कान झाकायची सवय आपणच लोकांना लावायची, आणि मग फसवणूक वाढली म्हणून गळा काढायचा?

नुसत्या कुलपाच्या चिन्हाने समोरचा माणूस प्रामाणिक ठरत नाही, हे मान्य. फुकट सर्टिफिकेट भामट्यालाही मिळतं. पण म्हणून आपलं दार सताड उघडं ठेवायचं नसतं.

तेव्हा ज्यांच्या संस्थेची साइट आहे त्यांनी आपल्या माणसाला तीनच प्रश्न विचारा. आमचं सर्टिफिकेट वेगळं आहे का? ते आपोआप नवं होतं का? नाही झालं तर कुणाला कळतं? तिन्हींची उत्तरं सरळ आली नाहीत, तर माणूस बदला.

असो. कुणाला पटलं नसेल तर कमेंटमध्ये या, भांडू!