टकटक की ठकठक?

फटाक्यांच्या दिवसांत बारीकसारीक आवाजांवर लिहायला बसावे, हा वेडेपणा वाटेल. पण मराठी शिकवणाऱ्या माणसाला आवाजांचे थोडे वेड असायचेच. आपल्या भाषेत नाणे खणखणते, जाते घरघरते, दार करकरते आणि खाट कुरकुरते. एकीचे क्रियापद दुसरीला चालत नाही. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. वर्गात हा भाग पाच मिनिटांत उरकतो. त्याची खरी किंमत कळते ती जुनी मोटार घेतल्यावर!

आमच्या दादरच्या इमारतीतल्या एका काकांनी निवृत्तीनंतर हौसेने जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने साऱ्या मुंबईला फिरवले. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. खासगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत.

काकांची गाडी रोज सकाळी आवाज करी. पहिल्या मजल्याचे निदान 'टॅपेट', तळमजल्याचे 'बेअरिंग', आणि काकूंचे 'विकून टाका'. एका गॅरेजवाल्याने तर इंजिन उतरवून खोलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून काकांचाच आवाज बंद झाला.

शेवटी लालबागच्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

"काका, आवाज कसा येतो ते तोंडाने करून दाखवा."

काका आयुष्यभर बँकेत अधिकारी. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "टक्-टक्-टक्."

"नीट आठवा. टक् की ठक्?"

अल्पप्राण की महाप्राण, हा प्रश्न मी आजवर फक्त परीक्षेत विचारला होता!

मेस्त्रींनी मग आपला शब्दकोश उघडला. ठक् हा जड, खोल आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. चढावर, इंजिनावर ओझे पडले की तो वाढतो, आणि तो खर्चिक. सैल टॅपेटची टिकटिक बारीक. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिची लयही निम्मी. चीं करतो तो पट्टा, घरघरतो तो वॉटर पंप. दुसरा प्रश्न 'कधी?' काका म्हणाले, "सकाळी सुरू करताना. दहा मिनिटांत थांबतो."

"मग गाडी रात्रभर इथेच ठेवा. गार इंजिनच खरे बोलते."

सकाळी मेस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. पॅरिसच्या लायनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकले, त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मला. परळच्या के. ई. एम.मधल्या डॉक्टरांची आणि या मेस्त्रींची विद्या एकच! टॅपेटच्या झाकणाखाली सारे ठीक होते. मग त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. तिसरी काढताच टकटक मंदावली. तिथेच, इंजिन आणि धुराचा मॅनिफोल्ड यांच्या जोडावर, काजळीची एक रेघ दिसली. गॅस्केट जळले होते. गार असताना फटीतून धूर टकटक करत निसटे. लोखंड तापून प्रसरण पावले की फट बुजे, आणि आपल्याला वाटे, दुखणे गेले!

ऑपेरा हाउसच्या बाजारातून गॅस्केट आले. दुपारपर्यंत गाडी तयार झाली. इंजिन खोलण्याचा भुर्दंड वाचला. पण मेस्त्रींनी पुढे जे सांगितले ते जास्त मोलाचे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. तो बॉनेटखालून गाडीत शिरला तर माणसाला झोप आल्यासारखे वाटते, आणि ती झोप जिवावर बेतू शकते. काकांच्या दोन्ही नाती मागच्या सीटवर बसत. 'तापली की गप्प होते' म्हणून गाडी तशीच चालवणे त्या खर्चापेक्षा कितीतरी महाग पडले असते.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढे करावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन ऐकू नये. गार असताना स्वतः सुरू करावे. आवाज आला तर रेडिओ मोठा करू नये. तो गार असताना येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, ॲक्सिलरेटरबरोबर वाढतो की नाही, हे टिपून ठेवावे. आणि मेस्त्रीकडे जाऊन 'आवाज येतो' एवढेच सांगू नये. मराठीने इतके शब्द दिले आहेत. त्यातला नेमका एक निवडावा. पाने हातात घेण्यापूर्वीच अर्धी दुरुस्ती झालेली असते.