गाडी कुणाची, माल कुणाचा?



मालगाडी बघण्याचा मला लहानपणापासून नाद. वाशिमला पाहुण्यांकडे गेलो की पाय आपोआप स्टेशनाकडे वळतात. अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाल्यावर तिथे जुन्या घाटणीची डिझेल इंजिने धान्याच्या गाड्या ओढताना मी पुष्कळदा पाहिली आहेत. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या नमुन्यावर बनारसच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली ही इंजिने. सुटताना काळा धूर ओकायची, फलाट हादरायचा, आणि डब्यामागे डबा खडखडत हलायचा. बघतच राहावे असे वाटे.

एकदा फलाटावरच्या हमालाला विचारले, "काय भरलं आहे हो?" तो म्हणाला, "गहू हाय दादा, पंजाबचा."

त्या दिवसापासून गाडी बघण्यातली निम्मी गंमत गेली. अशा एका गाडीत अडीच हजार टनांहून अधिक धान्य मावते. दहा टनी ट्रक धरले तर अडीचशे ट्रक! सरकार ते तिकडे हमीभावाने विकत घेते, हजार-दीड हजार किलोमीटर वाहून आणते आणि आपल्या गावच्या रेशन दुकानात उतरवते. आणि आपली ज्वारी? तिचाही हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. पण गव्हा-तांदळाच्या खरेदीच्या पासंगालाही ज्वारीची खरेदी पुरत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर लिहिला होता, किलोला एक रुपया. २०२३ साल तर भारताच्याच पुढाकाराने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. भाषणे झाली, ताटे मांडली गेली. ज्वारीची गाडी मात्र मी अजून पाहिलेली नाही. मग शेतकऱ्याने ज्वारी मोडून सोयाबीन पेरले, कडबा गेला, कडब्यामागे बैलही गेले, तर दोष कुणाचा?

आता आपली स्वतःची गाडी आठवा. १९०३ साली यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी लाइन आली. आपण तिला शकुंतला म्हणतो. ती कुणासाठी आली? वऱ्हाडचा कापूस यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथून मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मोठ्या लाइनने मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्या. गंमत अशी की, १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच. कापूस तिकडे, इंजिन इकडे! त्या इंजिनाने सत्तर वर्षे गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. इंजिन बदलले, पण लाइनची मालकी इंग्रजी अमलातल्या खाजगी कंपनीकडेच राहिली. स्वातंत्र्यानंतरही सरकार तिच्या रुळांवर गाडी चालवीत होते आणि तिला मोबदला देत होते. आज ती गाडी बंद आहे. रुळांवर गवत वाढले आहे.

शकुंतला पुन्हा चालू व्हावी असे मलाही वाटते. पण नुसत्या आठवणीने भाडे कमी होत नाही. गाडी गोऱ्या साहेबाने आणली ती त्याच्या गिरणीच्या सोयीने. ती बंद पडली तीही कुणाच्या तरी सोयीने. आपली सोय कुणी विचारली?

विचारण्याची वेळ आता आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या लाइनचा वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पुढे ती यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडवरून नांदेडला जायची आहे. उद्घाटनाला हार घातलेले इंजिन सगळेच बघतील. आपण बघायचे ते दुसरे. स्टेशनाला माल धक्का आहे का? गोदाम आहे का? कापसाच्या गाठी, तूर, ज्वारी चढवायची सोय आहे का? रेल्वेला बहुतेक वेळा अख्खी गाडी भरणारे गिऱ्हाईक हवे असते. पाच एकर कोरडवाहूवाला अख्खी गाडी कुठून भरणार? ती व्यापारीच भरणार आणि भावही तोच पाडणार.

थोडा माल घेता येत नाही, हे म्हणणे खरे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला किसान रेल सुटली. तिच्यात भाजीपाला-फळांचा थोडा मालही घेत होते आणि भाड्यात निम्मी सवलत होती. देवळालीला जमले ते दारव्ह्याला का जमू नये?

जिल्हा बैठकीत यावर ठराव व्हावा. मागणी एवढीच: नव्या लाइनच्या मोठ्या स्टेशनांवर माल धक्का व गोदाम हवे, आणि शेतकऱ्यांच्या गटांना दोन-चार डबे मिळण्याची सोय हवी.

मालगाडी बघायला मी पुन्हा जाईन. फक्त एकदा तरी हमालाने म्हणावे, "ज्वारी हाय दादा, यवतमाळची."