मुलाखत हुकली की...

मुलाखत हुकली की घरात सुतकी कळा पसरते. जणू त्रिभुवनात तेवढी एकच खुर्ची रिकामी होती! १८९२ साली इंग्लंडात अरविंद घोष आय. सी. एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही घोडेस्वारीच्या कसोटीला गेले नाहीत. ती नोकरी गेली. (मुद्दामच गेले नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.) पुढे लंडनमध्येच सयाजीराव गायकवाडांची गाठ पडली आणि १८९३ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले, दरमहा २०० रुपयांवर.

पण सयाजीराव काही सर्वांनाच भेटत नाहीत. यंदा श्रावणात इस्लापूरचा माझा एक विद्यार्थी नांदेडला मुलाखतीस निघाला नि ओढ्याच्या पुराने वाटेतच अडकला. संध्याकाळी वडिलांचा फोन : "सर, ह्याची आजी वारली म्हणून कळवावं का?" आजी पलीकडे खोकत असल्याचे मला ऐकू येत होते!

म्हटले, आजींना सुखाने जगू द्या. उद्या सकाळीच फोन करा, मागोमाग चार ओळींचे पत्र. पुरामुळे येता आले नाही, दिलगीर आहे, दुसरी तारीख मिळेल का? बस्स. त्यांचाही वेळ वाया गेलेला असतो. आठ दिवसांनी मागितलेली माफी राग वाढवते.

दुसरी तारीख मिळाली नाही. पण तोवर पोराने किनवटला नि भोकरला अर्ज टाकले होते. भोकरचे बोलावणे आले आहे. या खेपेस तो आदल्या दिवशीच मुक्कामाला जाणार आहे.