मॅप म्हणतो ‘चालत ९ मिनिटं’, पण चालायचं कुठून?

पुण्यात रूम शोधताय? मग जाहिरातीतलं हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल: ‘मेट्रो स्टेशन चालत १० मिनिटांवर.’ मीही त्याला भुलले. मॅप उघडून खात्री केली, तर ९ मिनिटं दाखवत होता. म्हणजे एजंट खोटं बोलत नव्हता. डिपॉझिट दिलं, सामान हलवलं आणि पहिल्याच सोमवारी कळलं, की त्या ९ मिनिटांतली निम्मी वाट म्हणजे एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला बस, आणि मधल्या फटीत आपण. पावसात तर विचारूच नका. आठवड्याभरात मी रिक्षाने स्टेशनला जायला लागले. मेट्रोच्या तिकिटापेक्षा रिक्षाचं भाडं जास्त!

मग मॅपचा तो आकडा येतो कुठून? मॅपसाठी रस्ता म्हणजे एक रेघ. रेघेची लांबी घ्यायची आणि चालण्याच्या ठरलेल्या वेगाने भागायची, एवढाच मूळ हिशेब. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालणारं ‘वल्हाला’ नावाचं एक रूटिंग इंजिन आहे. त्यात हा वेग ताशी ५.१ किलोमीटर धरलेला असतो. ७५० मीटर रेघ असेल, तर झाली ९ मिनिटं. फुटपाथ आहे का, त्यावर बाइक लावल्यात का, रात्री दिवा लागतो का, याने उत्तरात सहसा काहीच फरक पडत नाही. गुगल मॅप्ससुद्धा पायी रस्ता दाखवताना बारीक अक्षरांत सांगतो, की प्रत्यक्ष परिस्थिती वेगळी असू शकते, जपून जा. ते वाचतं कोण?

अमेरिकेत यावर २००७ पासून ‘वॉक स्कोअर’ आहे. पत्ता टाकला, की ० ते १०० मध्ये गुण मिळतात. किराणा, शाळा, बाग, हॉटेल ५ मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण गुण, ३० मिनिटांच्या पुढे असेल तर काहीच नाही. चौक किती जवळजवळ आहेत, हेही बघतात. २०१४ मध्ये घरं विकणाऱ्या रेडफिनने ही कंपनीच विकत घेतली. चालण्याला बाजारात किती किंमत आहे, ते यावरून कळतं.

हाच हिशेब पुण्याला लावला, तर सदाशिव पेठ वर्गात पहिली येईल. मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, चहा, वाण्याचं दुकान, सगळं हाकेच्या अंतरावर. स्पर्धा परीक्षेची कितीतरी मुलं तिथे वर्षानुवर्षं गाडीशिवाय राहतात. पण पेठेतला फुटपाथ बघितलाय? जिथे आहे तिथे त्यावर स्कूटर असते, नाहीतर दुकानाची पायरी. तरी लोक चालतात, कारण गल्ली अरुंद आहे आणि गाडीला वेगच घेता येत नाही. जंगली महाराज रस्त्याची गंमत वेगळी. महापालिकेने तिथला फुटपाथ नव्याने आखला, रुंद केला, बसायला जागा केली, मुलांसाठी खेळणी लावली. चालायला मस्त! पण तिथे खोली घेऊन राहणं विद्यार्थ्याच्या खिशाला झेपतंय का, हा प्रश्न वेगळा. स्कोअरला यातलं फक्त जवळपण दिसतं, रस्ता दिसत नाही.

आता बाणेर घ्या. रस्ते पेठेपेक्षा रुंद, इमारती नव्या, दुकानंही भरपूर. मग चालणं का जमत नाही? एक कारण मला मॅपवर बोट फिरवतानाच सापडलं. गुगल मॅप्समध्ये एखाद्या जागेवर बोट दाबून धरा, पिन पडेल, मग ‘अंतर मोजा’ हा पर्याय घ्या. हे सरळ रेषेतलं अंतर. आता त्याच दोन जागांमधला पायी मार्ग काढा. पेठेत दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, कारण दर पन्नास पावलांवर गल्ली फुटते. बाणेरमध्ये माझ्या मैत्रिणीच्या खिडकीतून समोरचं मेडिकल दिसतं. सरळ रेषेत २०० मीटर, चालत ९००. मध्ये तीन सोसायट्यांच्या कंपाउंड वॉल आणि प्रत्येकीला एकच गेट. शिवाय बाणेर आणि बालेवाडीच्या मधून महामार्ग जातो, तो वाटेल तिथे ओलांडता येत नाही. माझा साधा नियम असा: पायी अंतर सरळ अंतराच्या दीडपटीहून जास्त आलं, की तो भाग चालणाऱ्यांसाठी बांधलेला नाही असं समजायचं.

हिंजवडीत त्यात आणखी एक गुंता आहे. आयटी पार्क एमआयडीसीचा, गाव ग्रामपंचायतीचं, मेट्रोचं काम पीएमआरडीएकडे. फुटपाथ मध्येच संपला, तर तक्रार कोणाकडे करायची हेच आधी शोधावं लागतं.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाहीये. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास दर पाचातलं एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इंडियन रोड्स काँग्रेसने तर माप आधीच ठरवून दिलंय: चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा आणि डोक्यावर २.२ मीटर. म्हणजे हक्क आहे, माप आहे. पण कुठल्या गल्लीत ते पाळलंय, याचा नकाशा आपल्या फोनमध्ये नाही.

तोवर जुगाड. जुलै २०२२ मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे आणि नाशिकही होतं. रूम ठरवण्याआधी स्टेशनपर्यंतचा रस्ता त्यात ‘चालून’ बघा, पण फोटो कधीचा आहे ते आधी तपासा. पावसाआधीचा आणि नंतरचा रस्ता एक नसतो.

आणि अँड्रॉइड असेल, तर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे फुकट अ‍ॅप टाका. तुम्ही जिथे उभे असाल तिथलेच साधे प्रश्न ते विचारतं: इथे फुटपाथ आहे का, पृष्ठभाग कसा आहे, दिवे आहेत का. उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं आणि तो डेटा कुणालाही वापरता येतो. चालणाऱ्यांसाठी मॅप बनवणाऱ्यालाही, व्हीलचेअरवाल्यालाही. पेठेतल्या मुलांनी अभ्यासिकेतून परत येताना रोज दोन गल्ल्या भरल्या, तरी बराच भाग होईल.

माझ्या त्या ९ मिनिटांच्या रस्त्याबद्दल मी उत्तर भरलंय: फुटपाथ, दोन्ही बाजूंना नाही. अकरा महिन्यांच्या करारातले पाच अजून बाकी आहेत. पुढची रूम बघायला जाईन ती रात्री आठला, आणि स्टेशनवरून चालत.