कथानकाचा जामीन

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पंचवीस ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. तिथल्या मालिकांत लैंगिक दृश्येच फार. कथानक, विषय किंवा सामाजिक संदर्भ जवळजवळ नाहीच, असे एक कारण तेव्हाच्या बातम्यांत आले होते. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. मी अडलो तो ‘कथानक’ या शब्दापाशी. तीच दृश्ये एखाद्या गोष्टीत गुंफली असती, तर ती बरी ठरली असती काय? शृंगारकथा चांगली व्हायला कथानक लागतेच काय?

रविवारी घरात सगळ्यांच्या हाती जाणाऱ्या पुरवणीत हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरातल्या पोराच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात काय काय दिसते, हे आपण सगळेच जाणून आहोत. आपण गप्प बसलो, तर वाईट कुठले आणि चांगले कुठले, हे त्याला कोण सांगणार?

हा प्रश्न मराठीला नवा नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. निशिकांत हा कवी मनाचा शिक्षक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, अशी ती गोष्ट. पुण्याच्या न्यायालयाने लेखकाला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. कथा उच्च दर्जाची नसेल, अभिरुचीही कदाचित बरी नसेल. पण सुटे उतारे न बघता ती सबंध वाचली तर अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सबंध वाचायचे म्हटले की कथानक कामी येते. पुढे कितीतरी लेखक-संपादकांनी यातून एवढाच बोध घेतला, की गोष्ट असली म्हणजे सुटका आहे.

तो बोध खरा नव्हता. त्याआधी पाचच वर्षे, १९६४ मध्ये, ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा याच न्यायालयाने कायम केली होती. डी. एच. लॉरेन्सच्या त्या कादंबरीत कथानकाची उणीव कुणीच काढू शकणार नाही. पुढे २०१४ मध्ये अविक सरकार खटल्यात न्यायालयाने अश्लीलतेची जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाची दृष्टी धरली. म्हणजे कथानकाने कोर्टातही हमखास तारले असे नाही. आणि कोर्टातून सुटलेली कथा चांगली असतेच, असेही नाही. ती फक्त गुन्हा नसते.

हे मी काठावरून सांगत नाही. १९८०च्या दशकात मी बँकेत लागलो आणि सुरुवातीची काही वर्षे गेवराई तालुक्यातल्या एका शाखेत काढली. त्या दिवसांत एका दिवाळी अंकासाठी टोपणनावाने मी अशी एक कथा लिहिली. संपादकांचे पत्र आले, “लेखन झणझणीत आहे. पण थोडे कथानक घाला, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवले तर उत्तर देता येईल.” मी घातले. नायिकेला आजारी नवरा दिला, पडका वाडा दिला, सावकाराचे कर्ज दिले. हप्ते तर बिनचूक काढले! कथा छापून आली, मानधनही आले.

अंक मी कपाटात मागे सारून ठेवला होता. तो सौ.च्या हाती लागायचा तो लागलाच. संध्याकाळी चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, “अहो, ही तुमचीच ना? हप्त्यांवरून ओळखली.” मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “नवरा आहे, वाडा आहे, सावकार आहे. पण त्या बाईला हे हवं होतं का नको होतं, ते कुठं लिहिलंय?”

मला उत्तर देता आले नाही, कारण लिहिताना तो प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता.

त्याच काळात सदाशिव आत्माराम जोगळेकरांनी १९५६ मध्ये संपादित केलेली गाथासप्तशती हाती आली. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला गाथांचा संग्रह. सातवाहनांची राजधानी पैठण गोदावरीच्या पलीकडच्या काठाला आणि अलीकडे आमचा गेवराई तालुका. राक्षसभुवनच्या घाटावर उभे राहिले की वाटते, यातल्या कितीतरी गाथा याच पाण्याच्या आसपास घडल्या असतील. गाथेला कथानक नाही, ते असायला जागाच नाही. सगळा मामला दोन ओळींचा. एका गाथेत पाणपोईवर वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे. त्याची नजर तिच्याकडे आहे आणि वेळ लांबावी म्हणून तो बोटे फाकवून पाणी गळू देतो. ती काय करते? पाण्याची धार बारीक करते.

संपली गोष्ट. पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही. पण तिला काय हवे आहे, हे त्या बारीक झालेल्या धारेतून कळते. या संग्रहातल्या काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर आहेत, याचेही मग नवल वाटत नाही.

कथानक निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते, कोणाला काय किंमत मोजावी लागते, हे कथानकच दाखवते. दीर्घ कथेला ते लागते. पण बँकेत मी एक गोष्ट शिकलो. जामीनदार कितीही भक्कम असला, तरी त्याने कर्ज चांगले ठरत नाही. ते कर्जदाराच्या धंद्यावर ठरते. शृंगारकथेत कथानक हा जामीनदार, आणि दोन्ही माणसांना स्वतःचे मन असणे हा धंदा. त्या बंद झालेल्या मालिकांत नुसते कथानक घातले असते, तर कागद पुरा झाला असता, इतकेच.

घरात पोराला सांगायचे ते याहून वेगळे नाही. जे वाचशील, बघशील, त्यात समोरच्या माणसाला हवे आहे की नको, हे कुठे दिसते का, ते शोध. दिसले नाही तर ते खाली ठेव.

माझी ती कथा मी पुढे कुठल्याच संग्रहात घेतली नाही. परवा अंक काढून पुन्हा वाचली. हप्ते अजून बरोबर आहेत.